अडतीस फोटो

छत्तीसचा आकडा येऊन गेला, तरी लिव्हर अडलं नाही. सदतीस झाले. अडतीस झाले. अंगठ्याने ओढलं की ते मऊ मऊ फिरत होतं. पन्नास वर्षं रोलचे कॅमेरे वापरणाऱ्या माणसाला यापुढे काही सांगावं लागत नाही. छत्तीस फोटोंचा रोल संपला की लिव्हर घट्ट होतं, पुढे जायचं नाव घेत नाही. माझं जात होतं, म्हणजे आत रोल पकडलाच गेला नव्हता. पहिल्या फोटोपासून तो जागचा हलला नव्हता. काउंटर मोजतो ते अंगठ्याचे हेलपाटे. फिल्म पुढे सरकली की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

"संपलं का हो, मोचिझुकीसान?" किनुसान खुर्चीतून म्हणाल्या. "हसून हसून गाल दुखायला लागले माझे. एवढं तर मी स्वतःच्या लग्नात हसले नव्हते."

"झालं," मी म्हणालो. "छान आले."

हे 'छान आले' माझ्या तोंडातून कसं बाहेर पडलं, देव जाणे. पण पडलं खरं.

आमच्या याइझु बंदराच्या बाजूला माणूस सत्तरीच्या पुढे गेला की स्वतःचा एक फोटो काढून ठेवतो. मेल्यावर फुलांच्या मधोमध ठेवायला धड फोटो लागतो, आणि ऐनवेळी तो कुणाच्याच घरात सापडत नाही. मग कुठल्यातरी सहलीच्या फोटोतलं डोकं कापून मोठं करतात. माझी बायको तोमिए त्याला 'निघतानाचा फोटो' म्हणते आणि सगळ्या गल्लीने तेच नाव उचललं आहे. पाणीखात्यात मीटर वाचता वाचता मी निवृत्त झालो, तेव्हापासून गेली सोळा वर्षं आमच्या गल्लीचे निघतानाचे फोटो मीच काढतो. एकोणसाठ माणसं झाली. त्यातली तेहेतीस निघूनही गेली.

पैसे घेत नाही. कुणी मुळे आणून देतं, कुणी सुकवलेले मासे. खरं सांगायचं तर त्या निमित्ताने माझे कॅमेरे घराबाहेर पडतात, मला तेवढंच पुरे. एकतीस आहेत. सगळे जुने एसएलआर, दमट हवा आत जाऊ नये म्हणून काचेच्या बंद कपाटात ठेवलेले. असा कॅमेरा नुसता ठेवून दिला की त्याचं शटर म्हाताऱ्याच्या गुडघ्यासारखं आखडतं. म्हणून महिन्यातून एकदा एकेकाला बाहेर काढायचं आणि रिकामंच पन्नास वेळा वाजवायचं. तोमिए शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत ते ऐकते आणि म्हणते, "झालं का माझ्या सवतींना फिरवून आणणं?"

निघतानाच्या फोटोंसाठी माझा एक ठरलेला कॅमेरा आहे. चंदेरी, डोक्याला पोचा पडलेला, कातडं दोन ठिकाणी उचकटलेलं. त्याने आजवर एकाही माणसाला दगा दिला नाही. किनुसानांकडे त्या दिवशी तोच न्यायला हवा होता. पण आठच दिवसांपूर्वी मला एक नवा सापडला होता. नवा म्हणजे शोवा सेहेचाळीस, अर्थात एकोणीसशे एकाहत्तर सालचा, पण काळा, कुठे ओरखडा नाही, आणि शटरचा आवाज असा की ऐकत राहावं. नव्याचे नऊ दिवस असतात. माझा आठवा चालला होता.

त्या काळ्याची आतली फिरकी वेगळी आहे. तिची खाच अरुंद. रोलची जीभ त्या खाचेत सारायची, झाकण लावायचं, लिव्हर दोनदा ओढायचं आणि डावीकडची चकती फिरते की नाही ते बघायचं. चकती फिरली तर रोल चालला. हे मी स्वतः आमच्या फोटोच्या क्लबातल्या नव्या पोरांना शिकवतो. शपथ घालून शिकवतो. आणि त्या दिवशी झाकण लावताना किनुसान आतून बाहेर आल्या, केस विंचरलेले, ओठांना काहीतरी लावलेलं, आणि मी चकती बघायची सोडून त्यांच्यापुढे कॅमेरा नाचवला.

"बघा," म्हटलं, "तुमच्यासाठी सगळ्यात देखणा आणलाय."

"देखणा कॅमेरा काय करायचाय? समोर कोण बसलंय ते बघा की आधी," त्या म्हणाल्या.

किनु ओइशी. वय एकोणऐंशी. आमच्यापासून चौथं घर. एक्केचाळीस वर्षं कात्सुओ मासे कापून धुरावर वाळवायच्या कारखान्यात काढली. पुढच्या महिन्यात पोटाचं ऑपरेशन ठरलं होतं. दोन वर्षं मी मागे लागलो होतो आणि दोन वर्षं त्या टाळत होत्या. आता पोट फाडायचं म्हटल्यावर स्वतःच निरोप धाडला. घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. नवऱ्याचे होते, मुलाचे होते, मांजराचेसुद्धा होते. फोटो काढायची वेळ आली की ही बाई सगळ्यांना पुढे ढकलायची आणि आपण चहा ठेवायला आत जायची.

"शिगेकी नागोयाला राहतो," त्या खुर्चीत बसता बसता म्हणाल्या होत्या. "उद्या मी गेले तर त्याला आईची आठवण कशाने राहणार? माशाच्या वासाने? एक तरी फोटो असू दे मेला. त्याच्यासाठी म्हणून बसतेय हो, नाहीतर हे थोबाड कोण काढून घेतं."

म्हणून अडतीसाव्याला मला तोंडात मारल्यासारखं झालं. त्या दीड तास बसल्या होत्या. शेवटी शेवटी पोटावर हात दाबून धरत होत्या आणि मी बघितलं की काढून घेत होत्या. त्यांना म्हणायला हवं होतं, माफ करा, माझं चुकलं, पाच मिनिटं आणखी बसा. माझ्या खिशात दुसरा रोल होता. हो, होता. कोटाच्या उजव्या खिशात, डबीसकट. तो बाहेर काढायला मला लाज वाटली. एकोणसाठ माणसांचे फोटो काढलेला माणूस रोल भरायला चुकला, हे त्या बाईच्या दारात कबूल करायचं माझ्या जिवावर आलं. मी कॅमेरा पिशवीत घातला, त्यांनी दिलेला मुळा काखेत मारला आणि घरी आलो.

घरी उजेड न शिरणाऱ्या काळ्या पिशवीत हात घालून कॅमेऱ्याचं झाकण उघडलं. बोटांना लागली ती रोलची जीभ, मी ठेवली होती तशीच, खाचेच्या बाहेर.

तोमिए दारात उभी होती. "काय झालं? कुणी मेल्यासारखं तोंड केलंय?"

मी सांगितलं. तिने सवतीवरून एक टोमणा मारायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"मग जा आणि सांगा त्यांना," ती म्हणाली. "आत्ता जा. चार घरांवर तर आहे."

"आत्ता त्या दमल्यात. उद्या जातो."

"उद्या नाही, अहो. तुमचा उद्या मला माहितीय. न्हाणीघराचा नळ दुरुस्त करायचा उद्यासुद्धा अजून आलेला नाही."

ती म्हणाली तसंच झालं. दुसऱ्या दिवशी पाऊस होता. तिसऱ्या दिवशी मी मनातल्या मनात एक बनाव रचला. म्हणायचं, दुसऱ्या बाजूनेही चार काढून ठेवू, उजेड आज फार चांगला आहे. म्हणजे चूकही कळणार नाही आणि फोटोही होईल. त्या बनावावर मी इतका खूश झालो की चौथा दिवस चंदेरी कॅमेरा साफ करण्यात गेला. तोमिए जेवायला हाक मारून थकली. पाचव्या दिवशी सकाळी गळ्यात कॅमेरा अडकवून गेलो, तर किनुसानांच्या दाराला कुलूप. पलीकडच्या बाईने सांगितलं, पोटात फार कळा आल्या म्हणून काल दुपारीच इस्पितळात नेलं.

तिसऱ्या मजल्यावर खिडकीजवळची खाट होती. पाच दिवसांत माणूस इतका उतरतो हे मला ठाऊक नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"आणले का फोटो?"

वाटेत बसमध्ये तो बनाव मी दहा वेळा घोकला होता. त्या नजरेपुढे त्यातला एक शब्द आठवला नाही.

"किनुसान, फोटो नाहीत. रोल पकडलाच गेला नव्हता. एकही आला नाही."

"म्हणजे मी दीड तास एका रिकाम्या डब्याकडे बघून दात काढत होते?"

"हो."

"आणि तुम्ही म्हणालात, छान आले."

"हो. लाज वाटली मला."

"वाटायलाच पाहिजे," त्या म्हणाल्या. "दिसायला देखणा आणि पोटाने उपाशी, असला कॅमेरा आणलात. आमच्या कारखान्यात एक मुकादम होता तसा. त्याचाही काही उपयोग नव्हता."

मी खाटेजवळच्या स्टुलावर बसलो. म्हटलं, हा जुना आणलाय, चकती फिरताना तुम्हालाही दाखवतो, आत्ता काढू. खिडकीतून उजेड येत होता. त्यांनी मान हलवली.

"आता नको. काल आरशात बघितलं मी. ही माझी आई दिसते, शेवटच्या आजारातली. हा चेहरा शिगेकीला द्यायचा नाही. ऑपरेशन होऊ दे, जरा अंगावर मांस चढू दे, मग काढा. तेव्हा हाच आणा, पोचा पडलेला."

"नक्की आणतो."

"आणि शिगेकीला यातलं काही बोलू नका. त्याला फोनवर सांगून बसलेय मी, फोटो झाला म्हणून. त्याचं मी बघते."

मी निघालो तेव्हा त्या म्हणाल्या, "पण मजा आली हो त्या दिवशी. नाही असं नाही."

दुसऱ्या रोलची गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. सांगणार होतो. पण त्या इतक्या सहज सोडून देत होत्या की मला ते सुटणं आवडलं. माणूस किती हलका असतो बघा. सहा जिने उतरताना मला अगदी मोकळं मोकळं वाटत होतं.

ऑपरेशन नीट झालं. पण वयाला ते झेपलं नाही, छातीत कफ भरला आणि नवव्या दिवशी त्या गेल्या.

संध्याकाळी अंत्यदर्शनाला मी आणि तोमिए गेलो. कारखान्यातल्या जुन्या बायका आल्या होत्या, सगळ्या पाठीत वाकलेल्या. पांढऱ्या शेवंतीच्या मधोमध फोटो होता. कुठल्यातरी सहलीच्या घोळक्यातून तो वेचून काढला होता, कळत होतं. डोळ्यांच्या जागी नुसते ठिपके. मूळ फोटोत अंगावर बहुधा रेनकोट असावा, कारण मानेखाली विधी करणाऱ्या लोकांनी काळा किमोनो चिकटवला होता. काळ्या किमोनोचा त्यांचा एक ठरलेला नमुना असतो, तोच सगळ्यांना बसवतात. कॉलर अगदी सरळ होती. किनुसानांची कॉलर जन्मात कधी सरळ नव्हती. मी उदाची चिमूट निखाऱ्यावर टाकली, हात जोडले आणि त्या फोटोकडे बघायचं टाळून मागे वळलो. मेलेल्या माणसाची एवढी भीती मला कधी वाटली नव्हती.

वरच्या मजल्यावर सुशी आणि बिअर मांडली होती. आम्ही कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलो. मला तिथून पळायचं होतं, पण तोमिए म्हणाली, घास तरी खाऊन जावं लागतं. तेवढ्यात शिगेकी आमच्याकडे आला. पन्नाशी उलटलेला, कपाळ आईचं. त्याने माझ्यापुढे कमरेत वाकून नमस्कार केला आणि बराच वेळ वर उठलाच नाही.

"काका, आईच्या वतीने माफी मागतो."

"कसली रे?"

"तुम्ही एवढे कष्ट घेऊन फोटो काढलेत. मी घर पालथं घातलं, एक सापडला नाही. इस्पितळात तिला विचारलं होतं मी. म्हणाली, फोटो मला आवडले नाहीत, मीच मोचिझुकीसानांना सांगून सगळे जाळायला लावले. हट्टी होती हो ती. तुम्हाला काय वाटलं असेल, याचा विचारसुद्धा केला नाही तिने."

टेबलाखालून तोमिएने माझी बाही ओढली. मला सांगायला जा म्हणून त्या दिवशी माझ्या मागे लागलेली हीच बाई. आता तिचं म्हणणं होतं, गप्प बसा. आणि चुकीचं नव्हतं ते. जाणाऱ्या बाईने स्वतःच्या अंगावर घेऊन मला झाकलं होतं. मी नुसती मान डोलावली असती, तरी कुणाचं काही बिघडलं नसतं. शिगेकी समजला असता आई हट्टी होती, आणि हट्टी तर ती होतीच. माझ्या एकोणसाठ फोटोंना डाग लागला नसता. मी ग्लास उचलला. पण एक आठवलं आणि तो तसाच परत खाली ठेवला. ती बाई सबंध आयुष्यात एकदाच फोटोला बसली होती, ती या मुलासाठी. आणि आता हाच मुलगा समजत होता की आईने तो जाळायला लावला. ते त्याच्या डोक्यात तसंच घेऊन तो नागोयाला परत गेला असता.

"शिगेकी," मी म्हणालो, "तसं नाहीये ते. तुझ्या आईने तुला खोटं सांगितलं, मला वाचवायला. फोटो आलेच नव्हते. रोल मी नीट भरला नव्हता."

तोमिएने बाही सोडली.

"आणि ते मला तिथेच कळलं होतं. ती समोर बसलेली असतानाच. माझ्या खिशात दुसरा रोल होता. मी तो काढला नाही. लाज वाटली म्हणून. ती दमली होती हे खरं आहे, पण मी काढला नाही तो तिच्या दमण्यापायी नाही. आणि तिला फोटो आवडले नाहीत वगैरे काही नाही. तुझ्यासाठी म्हणून ती बसली होती. बसायच्या आधी तसं बोलली मला."

मी चार शब्द ऐकून घ्यायच्या तयारीने बसलो. शेजारच्या टेबलावर कारखान्यातल्या बायका कुणाच्यातरी सांधेदुखीबद्दल बोलत होत्या. शिगेकीने टाय सैल केला. त्याचे हात आईसारखेच मोठे होते आणि ते कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं.

"किती फोटो काढले होते?" त्याने विचारलं.

"अडतीस."

"आणि ती हसत होती?"

"हसत होती. गाल दुखले म्हणाली."

"मी तिला कधी तसं बसलेलं बघितलेलंच नाही," तो म्हणाला. "कायम चुलीपाशी पाठमोरी. मग काका, ते तुम्ही एकट्यानेच बघितलंय."

"मीही नाही, बाबा." हे त्याला कसं सांगावं ते मला समजेना. "या कॅमेऱ्यांच्या आत आरसा असतो. त्या आरशातून माणूस दिसतो. बटण दाबलं की तो वर उडतो, आणि तेवढ्या वेळापुरता बघणाऱ्यापुढे अंधार होतो. फोटो येतो तो नेमका त्याच वेळचा. तो फिल्मने बघायचा असतो. मला दिसतं ते त्याच्या जरा आधीचं आणि जरा नंतरचं."

"म्हणजे ते अडतीस कुणीच बघितले नाहीत."

"कुणीच नाही."

तो उठला. मला वाटलं गेला. पण त्याने पलीकडची खुर्ची ओढून आणली, माझ्या समोर गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसला आणि माझ्यापुढची बिअर बाजूला सारून पेल्यात सातूचा चहा ओतला.

"मग आधीचं आणि नंतरचं सांगा," तो म्हणाला. "पहिल्यापासून सांगा. घाई नाही मला."

मी जन्मभर मीटरचे आकडे वाचले आणि बटणं दाबली. बोलणं हे काही माझं काम नव्हे. तोमिएने पेला उचलून माझ्या हातात दिला.

"पहिल्याला ती रागावलेली होती," मी म्हणालो. "दुसऱ्यालाही. म्हणाली, आटपा लवकर. तिसऱ्याच्या आधी मी तिला तुझ्याबद्दल विचारलं."